नवलखेड्याची उखडलेली लाइन आणि मामांच्या भिंतीवरची फुली

मामांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "रविवारी जमलं तर या. सामान बांधायला हात लागतील," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

गणपतमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मूळचे भुसावळचे. रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून इकडे उत्तर प्रदेशात आले, शेवटची नेमणूक नवलखेड्याला झाली आणि निवृत्तीनंतर तिथेच रुळांच्या कडेला दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. मामी गेल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते, की लखनौला आमच्याकडे या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुमच्या फ्लॅटमधून गाडी दिसत नाही." आता तेच आपणहून सामान बांधायला निघाले होते, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

तर नवलखेड्याला जायचं कसं, ते आधी सांगते. पूर्वी सोपं होतं, एक छोटी गाडी होती. ती आता नाही. गावातलं फाटक बंद झालं की बाजाराचे दोन तुकडे व्हायचे, म्हणून तिथली नगर पंचायत कैक वर्षं लाइन बंद करा म्हणून हटून बसली होती. ठराव झाले, धरणी झाली, आमदारांना हार घालून झाले. रेल्वेलाही ती लाइन फारशी परवडत नव्हतीच. मग एका हिवाळ्यात धुक्यामुळे गाडी तात्पुरती रद्द झाली. धुकं गेलं, उन्हाळा आला, पण गाडी काही परत आली नाही. पुढे रूळही उचलले. आता त्या जागेवर रस्ता व्हायचा आहे आणि त्यासाठी कडेची काही घरं-दुकानं पाडणार आहेत. मामांच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले होते. हल्ली भिंतीवर लाल फुली दिसली की पुढे काय येतं, ते टीव्ही बघणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

आम्ही राहतो वृंदावन योजनेत, म्हणजे शहराच्या पार दक्षिणेला, आणि जायचं होतं उत्तरेला. गाडी चालवायला शिरीष, माझा नवरा. तो रेल्वेतच इंजिनिअर आहे, त्यामुळे मामा त्याच्याशी सध्या जरा तुटक बोलतात. त्या लाइनशी त्याच्या ऑफिसचा काडीचा संबंध नव्हता, पण मामांच्या लेखी रेल्वे म्हणजे एकच घर. मागच्या सीटवर रेवा, आमची कन्या, यंदा दहावीला. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर हिंदीत देते. "मामाआजोबा येणार म्हणजे तुझी खोली त्यांना द्यावी लागेल," असं मी आदल्या दिवशी सांगितलं, तर म्हणाली, "हाँ, ठीक है." हे 'ठीक है' ऐकूनच मला कसंतरी झालं. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर पोरीनं पुस्तकं घेऊन डायनिंग टेबलावर बसायचं, आणि मामांनी पहाटेपासून चहा, पेपर, आंघोळ सगळं वेळापत्रकाप्रमाणे मागायचं. मामांवर माझा जीव आहे, पण मला धास्ती वाटत होती, हे खरं.

जानेवारीत या रस्त्यानं जाणार असाल, तर उगाच पहाटे निघण्याचा शहाणपणा करू नका. दाट धुकं असतं. आम्ही ऊन पडायची वाट पाहून निघालो, विकास नगरला थांबून खस्ता कचोरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. चाळीस रुपयांत पोट भरतं, वर हिरवी मिरची फुकट. मग सीतापूर रोड. रस्ता झकास आहे, पण इटौंजाचा टोलनाका सोडला की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. या दिवसांत कारखाने जोरात असतात आणि ट्रॉलीच्या मागे लाल दिवा लावायची पद्धत नाही. शिवाय मोकाट गाई आणि नीलगाई. दोन्ही बाजूंना मोहरी अशी पिवळीधमक फुललेली, की रेवानंसुद्धा फोनमधून डोकं वर काढलं. सिधौली मागे टाकल्यावर आतला फाटा लागतो, तिथून पुढे खड्डे आणि धीर. बसनं यायचं तर कैसरबाग बसस्टँडहून सिधौली आणि पुढे टेम्पो, म्हणजे इकडची शेअर रिक्षा. टेम्पोवाला पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. दूधवाले आणि मटार विकणाऱ्या बायका पूर्वी गाडीनं लखनौला यायच्या, आता त्यांनाही हाच टेम्पो. त्यांना गाडीची आठवण काढताना ऐकलं, तर त्याला भाबडेपणा म्हणू नका.

नवलखेड्याचं स्टेशन अजून उभं आहे. पिवळ्या पाटीवर गावाचं नाव आहे, फलाटावर गोवऱ्या वाळत घातल्यात आणि जिथे रूळ होते तिथे खडीचा लांबच लांब पट्टा. त्याच पट्ट्याच्या कडेनं ओळीनं दुकानं, दोन-चार घरं, प्रत्येकाच्या भिंतीवर जाड लाल पट्टी. टोकाला मामांचं घर आणि त्यावर पुरुषभर उंचीची फुली. 

मामा दारात उभे होते. आमचं स्वागत त्यांनी नेहमीसारखंच केलं, म्हणजे आमच्याकडे न बघता आमच्या मागे बघत. जन्मभराची सवय. स्टेशन मास्तरचं नुसती गाडी आली म्हणून भागत नाही, त्याला शेवटचा डबा डोळ्यांनी बघावा लागतो. त्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली असते, ती दिसली की गाडी अख्खी आली, मध्ये कुठे डबा सुटला नाही. आमच्या घरात कोणी प्रवासाला गेलं, की मामांचा फोन येतो आणि "पोचलात का?" असं न विचारता ते "फुली दिसली का?" असंच विचारतात. रेवा सगळ्यांत शेवटी आत शिरली, तेव्हा ते वळले.

आत खोकी बांधून झाली होती. मामींचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला. खिळा तेवढा भिंतीवर होता. मामा शिरीषला म्हणाले, "तुमच्या लोकांनी रूळ नेले, पंचायतीच्या लोकांनी घर नेलं. मी आपला मधल्यामध्ये."

मी विचारलं, नगर पंचायतीत कोणाशी बोललात का? तर म्हणे ऑफिसात जाऊन काय उपयोग, सगळं चेअरमनसाहेबांच्या घरून चालतं. लाइन वाचवायला दुकानदारांना घेऊन मामांनी त्याच साहेबांच्या विरोधात धरणं धरलं होतं, त्यामुळे तिथे जाणं जिवावर आलेलं. तरी मन घट्ट करून दोनदा गेले. दोन्ही वेळा साहेब घरी नव्हते. घरातल्या बाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. पाणी पिऊन हे परत.

"निरोप ठेवला नाहीत?"

"बाईमाणसापाशी असल्या गोष्टींचा काय निरोप ठेवायचा?" मामा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही, डॉक्टरकडे गेले तर कंपाउंडरलाही दोन प्रश्न विचारून येते. शिरीषला खोक्यांपाशी सोडून मी रेवाला घेतलं आणि त्या खडीवरून तरातरा निघाले. चपलेनं जाऊ नका, पाय मुरगळतात.

चेअरमनसाहेबांचा वाडाबिडा नव्हता, साधं दुमजली घर. अंगणात उन्हात खाटेवर एक बाई मटार सोलत बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर परात. मी विचारलं, "चेअरमन साहब हैं?"

"वो तो सीतापुर गए हैं. बैठिए."

गूळ आणि पाणी आलं. मामा इथूनच उठले असणार. मी उठले नाही, कारण साहेब येईपर्यंत हलायचंच नाही, असं ठरवून आले होते. रिकामं बसवेना म्हणून परातीतल्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागले. मग गप्पा सुरू झाल्या. कुठून आलात, मुलगी कितवीला, मराठी लोक मटारची भाजी गोड करतात का. बोलता बोलता मी सांगितलं, की पलीकडच्या मास्टरसाहेबांची मी भाची, त्यांचं घर पडणार म्हणून न्यायला आलेय.

त्यांचा हात थांबला. "मास्टर साहब का मकान? वो कहाँ टूट रहा है?"

मी म्हटलं, भिंतीवर एवढी मोठी फुली आहे.

"जिस पे पट्टी है, वो टूटेगा. गुणा का निशान तो आखिरी मकान पे है, कि बस, यहाँ तक. जेसीबी वाला इसके आगे हाथ न लगाए. उनके मकान से पहले ही सड़क मालगोदाम की तरफ मुड़ जाएगी."

"आपको पक्का पता है?"

"निशान हम ही तो खड़े होके लगवाए हैं."

 रेवा फाटकाजवळ उभी होती, तिथून तिनं मला खूण केली. फाटकावर संगमरवरी पाटी होती आणि मी तिच्या शेजारूनच फणफणत आत आले होते. श्रीमती उर्मिलादेवी, अध्यक्ष, नगर पंचायत. खाली दुप्पट मोठ्या अक्षरात त्यांच्या यजमानांचं नाव, आणि त्यापुढे बारीक 'प्रतिनिधी'.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एम.ए. झालेली, स्वतःला पुढारलेली समजणारी बाई मी, आणि अध्यक्षांच्याच अंगणात बसून अध्यक्ष कुठे गेले म्हणून विचारत होते. मी माफी मागितली. त्यांनी ती शेंगेच्या सालासारखी बाजूला टाकली.

"आपके मामाजी भी दो बार आए. पूछे, साहब हैं? हम कहे, नहीं हैं. पानी पिए, चले गए. हमसे पूछते तो बता देते."

मी विचारलं, मग आपणहून का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, लाइनवरून मास्टरसाहेब नाराज होते, आम्हाला वाटलं भांडायला आलेत. मग म्हणाल्या, "वो रेल को रोते हैं. हमारी आधी उमर उस फाटक पे खड़े-खड़े निकल गई." 

परत येताना मी जवळजवळ पळत होते. मामा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, पाणी देणाऱ्या बाई कोण होत्या, तेही.  मामा उठून खाली खडीवर गेले, जिथून गाडी जाताना दिसायची तिथे उभे राहिले आणि वळून घरांच्या ओळीकडे बघितलं. पट्टी, पट्टी, पट्टी, आणि टोकाला फुली.

"अरे," ते म्हणाले, "हा तर शेवटचा डबा."

आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, आम्हीही पुसले. आयुष्यभर ज्या माणसानं फुली बघून सुटकेचा श्वास टाकला, तो आपल्याच भिंतीवरची फुली बघून महिनाभर नीट जेवला नव्हता. शिरीषनं न सांगता पहिलं खोकं फोडलं. मामींचा फोटो खिळ्यावर गेला. मग मामांनी कोट चढवला, परसातले पेरू टोपलीत भरले आणि "चेअरमनबाईंना भेटून येतो" म्हणून एकटेच निघाले.

मामा परतल्यावर दुपारी निघालो. पट्टीवाल्या दुकानांत एक समोसेवाला आहे, गरम समोसा आणि आलं घातलेला चहा. त्याचं दुकान जाणार. भरपाई मिळेल म्हणतात, कधी ते कोणी सांगत नाही. जाणार असाल तर लवकर जा. मामा खडीवर उभे राहून आमची गाडी वळेपर्यंत बघत होते.

घरी आल्यावर रेवा आधी तिच्या खोलीत गेली आणि दार न लावता पलंगावर पसरली. मला हलकं वाटलं, मामांच्या घरासाठी आणि या खोलीसाठीही. दोन्ही खरं आहे. लाइन गेल्याची हळहळ आहेच, पण मामांना तिथून हलवावं लागलं असतं, तर मी त्या गावाचं नावसुद्धा काढलं नसतं. आता उन्हाळ्यात पुन्हा जायचं ठरतंय.

काल मामांचा फोन आला. मी म्हटलं, या वेळी मी विचारते, फुली आहे ना जागेवर?

"आहे. पण पेंटर बोलावून लालची पिवळी करून घेतली. ऑइलपेंटनं," मामा म्हणाले. "शेवटच्या डब्याची पिवळीच असते. आणि काळजी करू नकोस, चेअरमनबाईंना विचारूनच केली."