रानातली वार्षिक सभा

मोहफुलांचा वास आला की माझा उजवा हात अजून आखडतो. त्या वर्षी आमच्या पुरातत्त्व मंडळाची वार्षिक सभा देवरीच्या रानात, नव्यानेच सापडलेल्या शिळावर्तुळात, मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून भरली होती. नव्या अध्यक्षांसाठी आम्ही हात वर केले आणि ते मोजता मोजता समोर उभ्या सचिवबाई पांढऱ्याफटक पडल्या. "हालू नोका जी," त्या पुटपुटल्या, "मांगं अस्वल आहे." हात खाली घ्यायचीही कुणाची छाती झाली नाही. माझ्या पाठीमागे फुलं चघळल्याचा मचमच आवाज येत होता, मग अगदी मानेजवळ कुणीतरी जोरात हुंगलं. घाम डोळ्यांत उतरला, तरी मी पापणी हलवली नाही. अखेर ते गेलं. बाईंनी विचारलं, "विरोधात कोण?" एकही हात वर गेला नाही. आजही सभेत मत देण्याआधी मी मागे वळून बघतो.