आमच्या गेममधली पाखरं

जालन्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी आणि माझा रूम पार्टनर एका दारावरून जेवढे भांडलो, तेवढे अभ्यासाच्या कुठल्याही विषयावर बोललो नसू. ते दार खरं नव्हतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बोळात सायबर कॅफे होता आणि तिथल्या कॉम्प्युटरवर बंदुकीचा एक गेम होता. बर्फाचा मुलूख, तारेचं कुंपण, आणि आपण एकट्यानं आत शिरायचं. कॅमेऱ्याच्या टप्प्यात आलं की भोंगा वाजायचा आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या बराकीचं दार उघडून शिपाई बाहेर पडायचे. दोघांना मारलं की आणखी दोघे. त्यांना मारलं की पुन्हा दोघे. वैतागून आपणच आत जाऊन बघावं तर बराक रिकामी. चार खाटा आणि एक टेबल. आपण बाहेर पडलो की पाठीमागं दार पुन्हा उघडायचं.

"चार खाटांवर किती माणसं झोपतात सांग बरं," पार्टनर मॉनिटरच्या काचेवर बोट आपटून म्हणायचा. "आमच्याकडं लग्नातबी एवढे पाव्हणे एका खोलीत न्हाई मावत."

कॅफेचा मालक आमच्याहून चार-दोन वर्षांनीच मोठा होता. तो गल्ल्यावरून ओरडायचा, "खेळायचं तर खेळ, न्हाईतर मशीन मोकळी कर. गेम हाये तो. जनगणना न्हाई लावली तुला."

पण पार्टनरचं समाधान व्हायचं नाही. तो केदारखेड्याकडचा. त्याच्या घरी आजोबांच्या काळापासून मेंढरं, आता निम्मी शेती निम्मी मेंढरं. कळपाकडे बघत वाढल्यामुळे असेल, समोरचा जीव कसा वागतो यावर त्याची नजर पहिल्यांदा जायची. "ह्या शिपायाच्या शेजारचा पडला, तरी हा आपला चालूनच राह्यला. आन् मी भिंतीच्या आड बसलो तर त्याला बराबर दिसतो. अरे, मेंढराला अक्कल नसती म्हणतात, पण एक बिथरलं की सगळी बिथरतात. ह्यांना तेवढीबी न्हाई."

गेममध्ये 'सोपं' आणि 'अवघड' असे पर्याय होते. आम्ही एकदा मोठ्या आशेनं अवघड निवडलं. वाटलं, आता शत्रू दबा धरतील, एकमेकांना हाका मारतील, मागून घेरतील. तसं काही झालं नाही. तेच शिपाई त्याच वाटेनं चालत त्याच वळणावरून माघारी फिरत होते. फक्त आम्ही एका गोळीत मरायला लागलो. मधे कुठं खेळ जपून ठेवायची सोय नव्हती, मेलं की पार पहिल्यापासून. आणि कधी मेहनतीनं शेवटच्या फाटकापर्यंत पोचलो, तर लाइट जायची.

"ह्याला अवघड म्हणत्यात का?" पार्टनर खुर्ची मागं सारून म्हणाला. "गणित तेच ठेवलं आन् मास्तर बदलला. छडी जाड."

मी कॉम्प्युटरची बाजू घ्यायचो. मी घनसावंगीजवळच्या खेड्यातला, आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिलाच. यंत्राबद्दल मला फार आदर होता. मी म्हणालो, "कॉम्प्युटरला जेवढं सांगावं तेवढंच तो करणार."

"मंग सांगणाऱ्यानं नीट सांगायला पाहिजे का न्हाई?"

या एका वाक्यापायी आम्ही आमचा प्रोजेक्ट ठरवला.

शेवटच्या वर्षाला दोघा-दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम करून दाखवायचा असे. वर्गातल्या बहुतेक जोड्यांनी लायब्ररीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. पुस्तक दिलं, पुस्तक आलं. आमच्या सरांनीही तेच सुचवलं. सर फार चांगले होते. लॅबच्या वेळेनंतर ते आमच्यासाठी किल्ली मागून ठेवायचे, ते उपकार मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, "लायब्ररीत कुणी नापास होत नाही. गेमचं सांगता येत नाही. प्रोजेक्ट बुडाला तर वर्ष बुडेल, बघा."

वर्ष बुडणं मला परवडणारं नव्हतं. घरात ठरलं होतं की एका वेळी एकच लेकरू बाहेर ठेवता येईल. माझी धाकटी बहीण बारावी होऊन घरी बसली होती. माझं संपलं की तिनं जालन्याला यायचं. मी एक वर्ष जास्त राहिलो असतो, तर तिच्या कॉलेजच्या जागी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली असती. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एवढं असूनही मी गेम घेतला, कारण आपला शत्रू त्या बराकीतल्या शिपायांपेक्षा खरा होईल याची मला खात्री होती. आम्हाला दोघांना अगदी आतून ओळखीचा असलेला एक शत्रू होता. ज्वारीवर उतरणारी पाखरं.

कणसात दाणा भरला की लहानपणी आम्ही दोघंही आपापल्या रानात माळ्यावर उभे असायचो. चार मेढी रोवून वर फळ्या टाकल्या की झाला माळा. हातात गोफण. थवा उतरताना दिसला की गोफण फिरवून खडा सोडायचा आणि गोफणीच्या टोकाच्या वादीचा फट् आवाज काढायचा. पाखरू मारायचं नसतं, उठवायचं असतं. आमचा गेम हाच. दिवस मावळेपर्यंत जेवढा दाणा कणसात राहील, तेवढे गुण.

सुट्टीत घरी सांगितलं तर माय म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचून पाखरंच राखून राह्यला का? ते तर तू सातव्या वर्षी शिकल्ता." बहीण मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "पास करतील ना?"

लॅबमध्ये आमची भांडणं पुन्हा सुरू झाली. मी पहिल्यांदा पाखरं एकेक करून सोडली होती. पार्टनरनं मान हलवली. "पाखरं एसटीच्या लाइनीत उभी राहून येत न्हाईत." मग आम्ही थवा केला. एक उडालं की सगळी उडायची. थव्याला आम्ही एक आकडा दिला आणि त्याचं नाव ठेवलं भीती. गोफण वाजली की भीती वाढायची, शांतता राहिली की हळूहळू उतरायची. पुरती उतरली की थवा कणसांवर बसायचा. हे जमल्यावर मी खूश झालो, तर तो म्हणाला, "शेजारी कुठंय?"

"कसला शेजारी?"

"आपण उठवली की पाखरं धुऱ्यापल्याड शेजारच्या रानात जातात. तिथला उठवतो, मंग आपल्याकडं येतात. शेजारी नसला तर जातील कुठं? मुंबईला?"

शेजाऱ्यासाठी आठवडा गेला. मग त्यानं बुजगावणं घालायला लावलं. पहिल्यांदा पाखरं त्याला भ्यायची, मग भीती कमी कमी होत जायची. एके दिवशी पडद्यावर एक चिमणी बुजगावण्याच्या मडक्यावर जाऊन बसली. हे आम्ही मुद्दाम लिहिलेलं नव्हतं, आकड्यांतून आपोआप घडलं होतं. लॅबमधली सगळी पोरं जमा झाली. पार्टनर मला पाठीत गुद्दा घालून म्हणाला, "बघ लेका. हे अवघड. छडी न्हाई, काही न्हाई."

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. शहरातले, वयस्कर, स्वभावानं मऊ. लायब्ररीची चार सॉफ्टवेअरं बघून ते कंटाळले होते. आमच्या प्रोजेक्टचं नाव ऐकून त्यांचा चेहरा खुलला. स्वतः खुर्चीवर बसले. "काय करायचं मी?"

"सर, पाखरं राखायची. स्पेस दाबली की गोफण फिरते."

त्यांनी स्पेसवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

गोफण गरगर फिरत राहिली. कॉम्प्युटरच्या पोटातून फट् फट् फट् आवाज येत राहिला. पडद्याच्या कडेला थवा एकदा दिसला आणि वळून गेला. मग काहीच नाही. हिरवं रान, पिवळं बुजगावणं आणि आभाळात सरकत जाणारा सूर्याचा गोळा. परीक्षक मनापासून राखत होते.

"पाखरं कुठं आहेत?"

"सर, ती घाबरली," मी म्हणालो.

"कुणाला?"

"तुम्हाला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी कपाळावर हात फिरवला.

"सर, थोडा वेळ बोट उचलून बघा," पार्टनर म्हणाला.

"बोट उचललं तर पीक खातील ना? राखायचं तुम्हीच म्हणालात." त्यांचं काही चुकत नव्हतं. पडद्यावर दिवस मावळला. एकही दाणा गेला नव्हता. त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेही एक पाखरू न बघता. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे प्रोग्रॅम चालत नाही."

"चालतो सर, चालतो म्हणूनच..." मी बोलायला गेलो. भीतीचा आकडा, शेजारी, धुरा, सगळं एकदम सांगायला लागलो आणि जीभ अडखळायला लागली. ते म्हणाले, "बाळा, शत्रूच येत नसेल तर हा गेम कसला? बाकीच्यांचं बघेपर्यंत दुरुस्त करा. मी पुन्हा बघतो."

आम्ही कोपऱ्यातल्या मशीनवर गेलो. चूक मला तिथं बसल्यावर कळली. आम्ही दोघांनी तो गेम शेकडो वेळा खेळून बघितला होता, पण राखणदारासारखा. एक खडा टाकायचा, हात सोडायचा, वाट बघायची. माळ्यावर उभा राहिलेला कुणीही गोफण सतत फिरवत नाही, कारण खांदा भरून येतो. बोटाचा खांदा भरून येत नाही, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. शहरातल्या पोरानं पहिल्याच दिवशी स्पेस दाबून धरली असती. थव्याची भीती चढतच गेली आणि तिला उतरायला जागाच मिळाली नाही.

"हात थकवू," मी म्हणालो. "दहा वेळा फिरवली की गोफण मंद होऊ दे. बराबर तसंच होतं रानात."

"किती ठिकाणी बदलावं लागंल? अडकला तर पुरताच बंद पडंल."

"पण तेच खरं आहे."

त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि भीतीच्या ओळी एकेक करून खोडायला लागला. शेजारी गेला. थवा गेला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या बाभळीतून पाखरं एकामागं एक निघायला लागली, सरळ रेषेत. खडा लागला की पडायची. एक पडलं की बाभळीतून दुसरं.

"काय करून राह्यला तू?"

"डिग्री घेऊन राह्यलो."

"शेजारी का काढला, तो तर तुझाच..."

"तुझी बहीण घरी बसली ना बॅग भरून?" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मंग गप बस."

मी गप बसलो. वर्षभर 'न्हाई पटत, न्हाई पटत' करणारा तो, आणि त्याची बोटं एकदाही थांबली नाहीत. फ्लॉपीवर जुन्याच नावानं त्यानं ते जपून ठेवलं. दुसरी फ्लॉपी आमच्याकडे नव्हती, म्हणजे पहिला गेम कायमचा पुसला गेला.

परीक्षक पुन्हा बसले. बाभळीतून पाखरं यायला लागली. पहिलं पडलं तसे ते हसले. चौथं पडल्यावर त्यांनी आमच्या सरांना बोलावलं. "आता कसं! बघा, मुलांनी किती छान केलंय." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "थोडा वेग वाढवला की अवघडसुद्धा होईल."

"हो सर," पार्टनर म्हणाला.

आम्ही चांगल्या गुणांनी पास झालो. सरांनी दोघांना चहा पाजला. जूनमध्ये बहीण माझी पेटी आणि माझीच गादी घेऊन जालन्याला आली, आणि तिला होस्टेलवर सोडताना मला झालेला आनंद खरा होता. पण तोंडी परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मी नुसता धुमसत होतो. कॉलेजपासून कॅफेपर्यंत मी पार्टनरच्या दहा पावलं पुढं चाललो.

तो नेहमीच्या मशीनवर बसला. गेम लावला, मुद्दाम कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. भोंगा वाजला. बराकीचं दार उघडलं. त्यानं बंदूक उचललीच नाही. शिपाई दोघा-दोघांनी बाहेर येत राहिले आणि तो बघत राहिला.

"मार की बे!" मालक ओरडला. "लाइट जायची आत्ता."

"ज्यानं हे दार केलं ना," पार्टनर हळूच मला म्हणाला, "त्यानंबी आधी शिपायांना शहाणं केलं असंल. मंग कुणीतरी खुर्चीत बसून म्हणलं असंल, शत्रू कुठंयत? त्याच्याबी मागं कुणाचीतरी बहीण घरी बसली असंल."

मालक हसला. मला हसू आलं नाही. पडद्यावर तो मरून पडला होता आणि भोंगा अजून वाजत होता.

तो आता कॉम्प्युटरच्या धंद्यात नाही, मी आहे. फोनवर आम्ही अजून भांडतो. मी म्हणतो, थोडा वेळ होता, जमलं असतं. तो म्हणतो, बिलकुल न्हाई. मी मात्र अजून मनात लिहितो, गोफण दहा वेळा फिरली की मंद, पाच श्वास थांबली की पुन्हा ताजी. एवढंच लिहायचं होतं. हात थकवायला पाहिजे होता.