आंबलेलं खाता का?

माझ्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, पोट टायफॉइडच्या औषधांनी बिघडलं ते सुधारलंच नाही. वडगावात तिच्या घरातच विणकामाचा माग आहे, पण तासभर सलग मागावर बसणं तिला जमेना. मी बेळगावात एका प्रयोगशाळेत, आतड्यातल्या जिवाणूंवरच्या संशोधनात काम करते. म्हणून मीच तिला त्यात ओढलं. 'शौचाचा नमुना दे, पोटात काय बिघडलंय ते कळेल,' म्हणाले.

डबी हातात देताना ती लाजली. "ह्याचंबी शिक्षण असतंय व्हय गं?"

सोबतचा प्रश्नांचा फॉर्म मराठीत मीच उतरवला होता. त्यात होतं, 'आंबवलेले पदार्थ खाता का?' तिला समजावं म्हणून मी सोपं करून विचारलं, "आंबलेलं खातीस का?"

"न्हाय गं, रोजचं रोज ताजं करतो की आम्ही." जरा रागावलीच.

मी 'नाही'वर खूण केली. रात्रभर पीठ आंबवून केलेली आंबील रोज सकाळी तांब्याभर पिणारी बाई समोर बसली होती आणि मला, शहाणीला, ते सुचलं नाही. आंबलेलं म्हणजे आमच्याकडे नासलेलं.

वर्षानं अहवाल आला. रंगीत गोल, जिवाणूंची लांबलचक नावं, आणि तळाशी एक ओळ: आहारात आंबवलेले पदार्थ वाढवून पाहावेत. तो घेऊन वडगावला गेले. "आंबील वाढव," म्हणाले.

आक्कानं माग थांबवला. "ती तर कवाच सोडली की. तूच इचारलंस न्हवं, आंबलेलं खातीस काय म्हणून? वाटलं, तेच्यानंच पोट बिघडतंय."

स्वतःचाच इतका राग आला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आमच्या सरांना म्हटलं, तो प्रश्न बदलू या. "मध्येच प्रश्न बदलला तर आधीच्या उत्तरांशी तुलना बिघडते," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त चिडले. तुलनेला एवढं जपायचं, आणि पोट गेलं उडत.

रविवारी आक्कानं थेटच विचारलं, "मग आंबील पिऊ का नको? बरं वाटंल काय, एवढंच सांग."

परिषदेत कुणी विचारलं असतं तर मी दहा मिनिटं बोलले असते. तिला म्हणाले, "अजून नक्की कुणालाच ठाऊक नाही, आक्का."

ती म्हणाली, "तुमास्नी ठावं हाय म्हणून इचारतासा, आसं वाटलं मला."