मुदतबाह्य

फ्लॅट बुश या परदेशी उपनगरातल्या आमच्या मराठी महिला बास्केटबॉल संघाचा मी मानद कायदा सल्लागार आहे. मानद म्हणजे, कोणी विचारले नसतानाही सल्ला देणारा. पुण्यातल्या कचेरीत हयातभर दस्तांचे मसुदे केल्यामुळे 'ड्राफ्ट' या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक होता. त्यामुळे समितीने 'आपले दोन ड्राफ्ट देऊन एक अनुभवी खेळाडू घेऊ' असे कळवले, तेव्हा मी फोनवरच संतापलो. "नियमावलीचा मसुदा परक्या संघाला? कोणत्या अधिकाराने?"

"काका, तो ड्राफ्ट नव्हे," अध्यक्ष म्हणाले. "दर हंगामाला नव्या मुली येतात ना, त्या निवडण्याची पाळी. दोन वर्षांची आपली पहिली पाळी द्यायची, आणि चाळिशीला टेकलेली एक स्टार घ्यायची. सिंपल ट्रेड."

अर्थ कळल्यावर माझा संताप दुणावला. वारसाची नुसती आशा विकता येत नाही, हे कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ज्या मुली अजून मैदानात उतरलेल्याही नाहीत, त्यांच्यावरचा हक्क एका हंगामाच्या हौसेसाठी देऊन टाकणारे आम्ही कोण?

खेळाडूचे नाव आणि संघ मतदानापूर्वी उघड करायचा नाही, असा नियम होता. वशिला नको म्हणून तो मीच घालून घेतला होता. म्हणूनच ती खेळाडू माझी सून आहे, हे मला कळले नाही.

सून इस्पितळात नर्स आहे. आम्ही पूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू लिनला राहायचो, तिथल्याच संघातून ती अजून खेळते. दर रविवारी दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून, मोटरवेने शहर ओलांडून जाते. घराजवळ एखादा हंगाम खेळून मग थांबायचे, एवढीच तिची इच्छा होती. हे मला नंतर मुलाकडून समजले.

माझी पत्रे मी हाताने लिहितो आणि सून ती टाइप करते. हे पत्र चार पानांचे झाले. तिसऱ्या पानावर मी लिहिले होते: 'अशी खेळाडू म्हणजे मुदतबाह्य दावा, ऐकायला भारदस्त, वसुली शून्य.'

टाइप करता करता ती थांबली. "बाबा, मुदतबाह्यमधला 'मु' ऱ्हस्व ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

बैठकीत पत्र वाचले गेले. त्या वाक्याला लोक खळखळून हसले, आणि ठराव दोन मतांनी पडला. मग अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन नाव सांगितले. मी तिथल्या तिथे फेरविचाराची मागणी केली.

"काका, पडलेला ठराव वर्षभर मांडता येत नाही. कलम तुमचंच आहे. वर्षभराने ती खेळेल का?"

मी घरी आलो. माझा मुद्दा खरा होता, आजही खरा आहे. उद्याच्या मुली आज विकू नयेत. पण तेवढा मुद्दा सिद्ध करायला त्या एका वाक्याची काहीही गरज नव्हती. पक्षकाराची चेष्टा करू नये हे कनिष्ठांना शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि ती मी घरातल्याच माणसाची केली.

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर न्यू लिनला निघालो. मोटरवेवर गाडी लागल्यावर विचारले, "तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मुलींबद्दल तुम्ही बरोबरच लिहिलं होतंत. मी कमिटीवर असते तर मीही विरोधातच मत दिलं असतं."

"आणि ते वाक्य?"

तिने आरशात पाहून लेन बदलली. "ते टाइप करताना मात्र गुडघा दुखला, बाबा."

मी क्षमा मागितली. मसुदा न करता मागितल्यामुळे ती धड जमली नाही. "असू दे," ती म्हणाली, "आज अर्धा वेळच खेळणार आहे. उरलेला वेळ बाकावर तुमच्याशेजारी बसेन."