साठ अक्षांशांवरचे स्थळ

मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या भाचीला बघायला गारगोटीहून पाहुणे आले. मुलगा फिनलंडला नोकरीला, म्हणून त्याचे आईवडीलच आले होते. पोहे संपायच्या आत दाजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, विचारले, "पावणं, पोरगं किती अक्षांशावर हाय?"

मुलाचे वडील म्हणाले, "पगार चांगला हाय की."

जगातल्या प्रत्येक सुखदुःखाचे कारण विषुववृत्तापासूनचे अंतर हेच, असे मानणारा दुसरा माणूस कोल्हापुरात नसावा. दाजी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचा माल रवाना करतात. खोक्यांवरची देशांची नावे वाचता वाचता त्यांनी भिंतीवर नकाशा लावला, तेव्हापासून घरात कुणाला शांतता नाही. शेजारी पंख्याला शिव्या घालू लागले की हे म्हणतात, "पंख्याचा काय दोष? आपण सतरा अंशांवर. किरणं सरळ पडत्यात." उन्हाळ्यात एके दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ती दाखवायला त्यांनी एका वास्तुशांतीत भरली पंगत उठवून गच्चीवर नेली. आमटी थंड झाली. यजमान अजून बोलत नाहीत. राधानगरी जवळपास आपल्याच अक्षांशावर, मग तिकडेच एवढा पाऊस का, असे मी एकदा विचारले. काही दिवसांनी फोन आला, "डोंगर ढग तिथंच अडवतोय. डोंगराचं मला इचारू नगा."

तर पाहुण्यांसमोर अक्षांशाचे उत्तरही दाजींनीच दिले. "साठ. डिसेंबरात दुपारी तीनलाच सूर्य मावळतोय तिथं. माझी पोरगी काळोखात भाकरी थापणार व्हय?"

"अवो, लाईट असत्यात की तिकडं!" ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

मुलाची आई पर्स उचलून उठायच्या बेतात होती. भाचीने फोनवर बोलून मुलगा पसंत केला होता. अडले होते ते फक्त दाजींच्या होकारावर. ती दारातूनच म्हणाली, "पप्पा, जूनमध्ये तिथं रात्र जवळजवळ होतच न्हाई. ते का सांगत न्हाई?"

दाजी उठून नकाशापाशी गेले. त्यांना त्यांच्याच विषयात घरच्या माणसाने गाठले होते.

"जून बरा हाय," ते म्हणाले. ताईने तेवढ्यावर पेढे बाहेर आणले.

लग्न झाले, भाची फिनलंडला गेली. डिसेंबरात मी ताईकडे गेलो तेव्हा दाजी गच्चीवर होते. आपल्याकडचा सूर्य मावळला होता. ते वायव्येकडे तोंड करून उभे होते.

"दाजी, गार वारं सुटलंय. चला की खाली."

"थांबा की पावणं. तिथलं तीन म्हंजे आपलं साडेसहा. तिचा अजून मावळला न्हाय."

ताई म्हणाली, रोज असेच चालते. तोवर ते जेवायला बसत नाहीत.

तिकडचा मावळल्यावर आम्ही खाली आलो.