बत्तीस पत्ते

पथारीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा वास आला की शाळेची संगणक खोली आठवते; तिच्या खिडकीबाहेर अशाच मिरच्या वाळत असायच्या. तिथलं नेटवर्क मी लावत होतो आणि वायरिंग गावातल्या वायरमन सुनंदाताईंचं, त्यावरच त्यांचं पुढचं काम ठरणार होतं. नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला स्वतःचा क्रमांक, म्हणजे पत्ता लागतो; बत्तीस संगणकांसाठी मी बत्तीस पत्त्यांचा गट आखला. तीस जोडले गेले, दोन अडले. "वायरीच खराब," मी मुख्याध्यापकांना सांगून मोकळा झालो.

ताईंनी वायरी पुन्हा बसवल्या, मग माझा कागद पाहिला. "भाऊ, पहिला पत्ता गटना नावना, शेवटला सर्वासले हाक माराना. मशीनसले तीसच उरतस."

मी गट मोठा केला. दोन्ही पडदे उजळले आणि ताई टाळ्या वाजवत हसल्या. मीही हसलो, पण चूक कबूल केली नाही.

ती आज, इतक्या वर्षांनी, फोनवर कबूल केली. ताई म्हणाल्या, "हेडसरसले खरं कारण मी तवयच सांगेल शे. तुम्ही कवय सांगतस, वाट देखी ऱ्हायनी व्हती."