म्हशींचा ऑफसाईड

आमच्या घरात फुटबॉलच्या इतिहासावर बोलायला मला बंदी आहे. वर्ल्डकप सुरू असला की ही बंदी आणखी कडक होते. मी नुसता घसा खाकरला तरी माझी बायको त्रिशला टीव्हीवरची नजर न काढता म्हणते, "आधी चष्मा घाला." मुलं खिदळतात. (चष्मा माझ्या नाकावरच असतो.)

याचं मूळ तिच्या माहेरी, चिकोडीजवळच्या मळ्यात आहे. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, बेळगावात अनगोळला राहत होतो आणि रविवारचे सामने बघून बघून फुटबॉलचा तज्ज्ञ झालो होतो. खेळत नव्हतो. ज्ञान मात्र एवढं होतं की चहाच्या गाड्यावर मी दिसलो की लोक आपापला ग्लास उचलून पलीकडं सरकत. दोन स्थळं बघून झाली होती आणि दोन्हीकडून 'मुलगा चांगला, पण फार बोलतो' असा निरोप आला होता. म्हणून चिकोडीच्या बसमध्ये वडिलांसमोरच आईनं मला दम भरला, "फुटबॉलचं नाव काढलास तर मी तिथनंच उठून जाईन बघ."

मीही तोंड मिटून बसायचं मनापासून ठरवलं होतं. पण त्रिशला समोर येऊन बसली आणि मला ती इतकी आवडली की ठरवलेलं सगळं विसरलो. थंडीचे दिवस होते. तिचे वडील आप्पा काळं घोंगडं पांघरून कट्ट्यावर बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "आवड कशाची म्हणायची?"

झालं! वर्ल्डकप एकदा इंग्लंडात चोरीला गेला होता, सगळे पोलीस शोधून दमले आणि शेवटी तो एका कुत्र्याला झुडपाखाली सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, हे मी सांगून टाकलं. आईनं पदराआडून चिमटा काढला.

आप्पांनी गंभीरपणे विचारलं, "मग कुत्र्याला काय दिलं?"

"वर्षभराचं खाणं दिलं म्हणतात."

"मग बरं केलं," आप्पा म्हणाले.

ऐकणारा माणूस मिळाला म्हटल्यावर मी थांबतो कसला? पहिल्या वर्ल्डकपच्या फायनलला दोन्ही संघ आपापल्याच चेंडूसाठी अडून बसले, म्हणून पहिला अर्धा डाव एकाच्या चेंडूनं आणि दुसरा दुसऱ्याच्या चेंडूनं झाला, हेही सांगितलं. मग माझा सगळ्यात लाडका किस्सा काढला. इंग्लंडात एकदा एवढं धुकं पडलं की सामना थांबवून सगळे आत निघून गेले. एक गोलकीपर मात्र गोलात तसाच उभा. त्याला वाटलं, आपला संघ पलीकडं जोरात चढाई करतोय! शेवटी धुक्यातून एक पोलीस आला आणि त्यानं त्याला घरी जायला सांगितलं. "एवढंही कळू नये माणसाला?" असं म्हणून मी स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसलो. त्रिशला खाली मान घालून हसली. मी स्वर्गात होतो.

तेवढ्यात तिचा भाऊ अजित उठला. म्हणाला, "पावनं, एवढं ठावं हाय तर खेळूनच दावा की." नाही कसं म्हणणार? वस्तीच्या मागं मोकळं रान होतं. ऊस रोवून गोल उभे केले, वरून दावं बांधलं. (पूर्वी गोलाला वरती दांडा नसायचा, फीतच बांधायचे, ही माहिती मी दावं बांधणाऱ्यांना पुरवली. त्यांनी मागितली नव्हती.) मला लांबच्या टोकाला गोलात उभं केलं. माझा चष्मा चांगला जाड, अजित म्हणाला, "फुटंल, द्या हिकडं," आणि खिशात टाकून गेला. त्याबरोबर माझं जग हात पोचेल तेवढंच उरलं, त्यापुढं सगळं धूसर.

आता इथं एक सांगायला हवं. त्रिशलाच्या घरी दिवस मावळला की अन्नाला कुणी हात लावत नाही. जैन आम्हीही, पण अनगोळात आमचं जरा सैल झालं होतं, मी तर रात्री अंथरुणात बसून भडंग खायचो. त्यांच्याकडं मात्र सूर्य उसाला टेकला की सगळ्या वस्तीला हाक जायची आणि हातातलं काम टाकून माणसं पानावर बसायची.

सामना जोरात सुरू झाला. एक चेंडू माझ्या पोटावर आदळला आणि गोल वाचला, टाळ्या पडल्या. नंतर मात्र माझ्याकडं कुणी फिरकेना. शेजारी गुऱ्हाळाचं इंजिन धडधडत होतं, त्यामुळं ऐकूही काही येईना. पण पलीकडच्या टोकाला काळ्या आकृत्या हलताना दिसत होत्या. आपल्या संघानं त्यांना पार दाबून ठेवलंय, या कल्पनेनं माझा ऊर भरून आला. मी ओरडून सूचना देऊ लागलो. एका जागी गोळा होऊ नका, पसरा. डावीकडचा नुसताच उभा आहे, त्याला हलवा. मग एकजण अगदीच पुढं सरकला, तेव्हा मी हात वर करून ओरडलो, "ऑफसाईड!"

"त्यास्नी ऑफसाईड कळत न्हाय," मागून आवाज आला. "म्हशी हैत त्या."

त्रिशला होती. तिच्या हातात माझा चष्मा होता. अजितनं जेवायला बसताना खिशातून काढला, तेव्हा कुठं पाहुणा रानातच राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं होतं. मी चष्मा घातला आणि सूर्याची शेवटची कड उसाच्या मागं जाताना मला अगदी स्पष्ट दिसली.

घरी पंगत उठली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तृप्त चेहऱ्यानं हात पुसत होते. माझं वाढलेलं ताट तिची आई हळहळत उचलत होती. आप्पांनी विचारलं, "समदी निघून आली, तुमी एकटंच का हुबं ऱ्हायलासा?"

"गोल सोडून कसं येणार?" मी म्हणालो.

आप्पांनी खांद्यावरचं घोंगडं सावरलं. मग अण्णांना म्हणाले, "पोरगा जागा सोडत न्हाय." लग्न तिथंच ठरलं. परतताना चिकोडी स्टँडवर गरम भज्यांचा वास आला, तर आई म्हणाली, "आत्ताच नाव झालंय, सकाळपतोर टिकव." कुत्र्याला वर्षभराचं खाणं मिळालं आणि मला त्या दिवसाचं जेवणसुद्धा नाही.

आप्पा पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक पूजेत चारचौघांत माझी ही गोष्ट सांगत, आणि मी विनयानं मान खाली घालत असे. आता ते नाहीत. वर्ल्डकप आला की मला त्यांची फार आठवण येते, कारण माझं फुटबॉल शेवटपर्यंत ऐकून घेणारा जगात तो एकच माणूस होता.

परवा टीव्हीसमोर मी मुलांना तेच सांगत होतो, की जागा सोडायची नसते. त्रिशला शांतपणे म्हणाली, "मी मागं येऊन हुबी होते तवा. ऑफसाईड वरडायच्या आदी एक म्हैस तुमच्याजवळ आली, आणि तुमी गोल सोडून, हात जोडून तिला 'आप्पा, घर कुणीकडं?' म्हणून इचारलासा. ते मी आप्पास्नी शेवटपतोर सांगितलं न्हाय."

मुलं जमिनीवर लोळायला लागली. मी पडेल आवाजात विचारलं, "आणि तरी हो म्हणालीस?"

"म्हशीसंगं एवढं अदबीनं बोलतोय," ती म्हणाली, "म्हंजे माझ्यासंगंबी बोलंल, असं वाटलं."

त्या इंग्रज गोलकीपरला मी जन्मभर हसत आलो. त्याला निदान समोर आलेला पोलीस तरी ओळखता आला होता.